तुमी जा, मले नाही याचं वापस

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. जन्म १९६७ चा. अकरा एकर वावर होतं, त्यातलं साडेचार एकर महामार्गात गेलं. मोबदल्याचे एक कोटी बारा लाख खात्यावर जमा झाले. आमच्या खानदानात एवढा पैसा कोणी पाहिला नाही. पोळ्याच्या दिवशी पानठेल्यावर बसलो होतो. पुतण्यानं गमतीत विचारलं, "काका, देव म्हणाला का कोटभर रुपये वापस दे, तुले पुन्हा वीस वर्षांचा करतो, तर काय करसान?" मी म्हटलं, "आत्ता देतो." सगळे हसले. पण ताई, मी गंमत केली नव्हती. तेव्हापासून झोप नाही. पटाची म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोडी, राजदूत फटफटी, कापसाच्या बैलबंडीवर मित्रांसंगं काढलेल्या राती, सगळं डोळ्यापुढे येते. जे वावर गेलं त्यातच आम्ही हुरडा खायला जमत होतो. संध्याकाळपर्यंत माझं बोलणं घरी पोचलं. बायको एवढंच म्हणाली, "तुमी जा. मले नाही याचं वापस." त्या दिवसापासून कामापुरतंच बोलते. पोराला स्कॉर्पिओ पाहिजे आणि नागपूरला प्लॉट पाहिजे. मला पटाची जोडी घ्यावी वाटते. माझं काय चुकलं, आणि या पैशाचं काय करू?
– एक कास्तकार

भाऊ,

ठेल्यावरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. मला कोणी विचारलं असतं तर मी पैसे ठेवून घेतले असते आणि पुतण्याला वरून चहा पाजला असता. चारचौघांत "पैसे" म्हणायची माणसाला लाज वाटते, हावरट दिसतो. "तरुणपण" म्हटलं की कसं दिलदार वाटतं. पण साठीला टेकलेल्या कोरडवाहू कास्तकाराच्या घरात पैशाचं काय काम असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. गुडघ्याचं ऑपरेशन यंदा करायचं की पुढच्या वर्षी, हे जिथं सोयाबीनच्या भावावर ठरतं, तिथं पैसा हवासा वाटण्यात हाव कसली? सालगडी मिळत नाही. पोरांना शेतीत रस नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तासं काढायचं वय गेलं. विशीत पैशावाचून भागलं, कारण तेव्हा पाठ धड होती.

म्हणून पैसा हाती आल्याची खंत करू नका. तसाही देव काही ठेल्यावर आला नव्हता. निवड करायची वेळ तुमच्यावर आलेलीच नाही. पैसा खात्यात आहे आणि विशी कोणी द्यायला बसलेलं नाही. असं असताना झोप का उडावी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. "जे वावर गेलं त्यातच आम्ही हुरडा खायला जमत होतो," असं तुम्ही लिहिता आणि लगेच पुढच्या गोष्टीवर जाता. मी त्या वाक्यावर थांबले.

भाऊ, तुम्ही तरुणपण मागत नव्हता, वावर मागत होता. "कोटभर रुपये वापस दे" हे शब्द कानी पडले आणि तुमच्या तोंडून "आत्ता देतो" निघालं. पुढचं वीस वर्षांचं काही तुम्ही ऐकलंही नसेल. ज्या मातीत तुम्ही वखर धरायला शिकलात, जिथला धुरा बापानं दाखवला, तिथून आता जेसीबी आणि डंपर फिरताहेत. घरात माणूस गेलं तर दहावं-तेरावं तरी होतं, चार लोक येऊन बसतात. वावर गेलं तर लोक पेढे मागतात. "काय बाप्पा, करोडपती झाला" म्हणतात. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरसाठी नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा अशा एकेका जिल्ह्यातून जमिनी गेल्या, तेव्हाही हेच झालं. गावागावांत टाइल्सचे बंगले उठले, अंगणात पांढऱ्या गाड्या आल्या. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या माणसाला "तुला रडू येतं का?" असं विचारायची सोय कुठे राहिली? तेव्हा झोप उडाली यात नवल नाही. जे गेलं त्याचं दुःख करायला तुम्हाला कोणी जागाच ठेवली नाही, म्हणून ते विशीचा वेष घेऊन आलं.

आता त्या विशीकडे एकदा नीट पाहू. तुमची विशी म्हणजे १९८७. कापसाची एकाधिकार खरेदी होती तेव्हा, १९७२ पासूनची, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. तुम्हाला बंडीवरच्या राती आठवतात. चांदणं, बिडी, कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवरची गाणी. पण बंडीवर रात्र का काढावी लागत होती, हे आठवा. संकलन केंद्रावर नंबर लागत नव्हता म्हणून! बैल उपाशी, कापूस उघड्यावर, पावसाचा भरवसा नाही, आणि नंबर लागला तरी ग्रेड कोणता लागतो याची धास्ती. चुकारा हाती यायचा तेव्हा यायचा. तुम्ही विशीतले, तुम्हाला ती जत्रा वाटली. घरी तुमचे वडील त्याच राती उसनवारीचा हिशोब मनात घोळवत जागे असतील.

आणि तुमच्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे. गावचा सरपंच राहिलेला कास्तकार. शेतीतल्या हलाखीपायी १९ मार्च १९८६ ला त्यांनी पवनारला बायको आणि चार लेकरांसकट आयुष्य संपवलं. आजही १९ मार्चला कितीतरी लोक त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात. तुम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे होता, ही बातमी तुमच्या गावच्या पारावरही बोलली गेली असेल. तुमच्या आठवणींचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. पण त्या काळात वापस जायचं तर हेही घ्यावं लागेल, नुसता हुरडा वेचून घेता येत नाही.

शिवाय विशीला वापस जाऊ म्हणणारा प्रत्येक जण आजचं डोकं घेऊन जायच्या बेतात असतो. बीटी बियाण्याचं पुढे काय होणार, सोनं कधी घ्यायचं, कोणत्या व्याह्यानं फसवलं, हे सगळं माहीत असलेला वीस वर्षांचा पोरगा त्याला व्हायचं असतं. हा शुद्ध लबाडीचा सौदा आहे. देवानं डोकंही विशीचंच दिलं तर? तेच तुम्ही, तेच वडिलांशी भांडण, तीच चूक, आणि अडतीस वर्षांनी त्याच ठेल्यावर.

आता वहिनींचं.

तुम्ही विचारता, माझं काय चुकलं? बोललात यात काही चूक नाही. पण त्यांना ते कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करा. "मला पुन्हा वीस वर्षांचं व्हायचंय" असं नवरा चारचौघांत म्हणाला, यातून पहिला अर्थ निघतो तो असा, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचंय आणि या वेळी कदाचित दुसरीच कोणी. हा अर्थ तुमच्या मनात नसेल. बाईच्या मनात तो येतोच.

पण मला वाटतं वहिनींना याहून जास्त काहीतरी म्हणायचं होतं. तुमच्या घरातलं मला माहीत नाही. त्या काळात गावात सून म्हणून आलेल्या बाईचा दिवस मात्र मला चांगला माहीत आहे. पहाटे अंधार असतानाच गोदरीला जायचं, कारण उजाडल्यावर जायची सोय नव्हती. विहिरीवरून डोक्यावर पाणी. चूल पेटवायची तर तुराट्या ओल्या. सगळ्यांच्या भाकरी थापून झाल्या की आपली टोपल्यातली उरलीसुरली. मग वावरात निंदण, दिवाळीनंतर वेचणी. पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटं फाटलेली, कमरेला कापसाचा ओटा बांधलेला, आणि कधी पोटात लेकरूही. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चूल. माहेरी जायचं तर सासूची परवानगी, आणि ती मिळेपर्यंत सण निघून जाई. तुम्ही ज्या वावरात हुरडा खाल्ला, त्याच वावरात कदाचित त्यांनी दिवसभर वाकून काम केलं. एकच वावर, पण दोघांच्या आठवणी एका नाहीत. "मले नाही याचं वापस" हे वाक्य रागाचं आहे असं तुम्ही धरून चाललात. मला ते सरळ उत्तर वाटतं. पुतण्यानं प्रश्न तुम्हाला विचारला, वहिनींना कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी आपणहून उत्तर दिलं.

महाभारतातला ययाती पोराचं तरुणपण मागून घेतो, ही गोष्ट कीर्तनात तुम्ही ऐकली असेल. पुरू बापासाठी म्हातारा होतो, म्हणून त्याचा उदोउदो होतो. कीर्तनकार पुढे वैराग्यावर जातात. मला नेहमी वाटतं, पुरूच्या घरात कोणी बाई असेल तर तिला कोणी विचारलं का? रात्री जवान नवरा झोपला, सकाळी पिकल्या केसांचा उठला. दोघा बाप-लेकांनी आपसात सौदा केला आणि भोगणारी तिसरीच.

वहिनींशी काय बोलायचं ते सांगते. "मी गंमत केली होती" असं म्हणू नका. ते खोटं आहे, तुम्ही स्वतःच लिहिलंय. "तुझ्याशिवाय मी कुठं जाणार?" असला सिनेमातला संवादही नको, या वयात दोघांनाही हसू येईल. एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना विचारा, "तुले काहून नाही याचं?" आणि त्या बोलत असताना मधे तोंड घालू नका. आपल्या आईची बाजू घेऊ नका. "तेव्हा सगळ्याच बाया करत होत्या" हे तर अजिबात म्हणू नका. मग तुमचंही सांगा, की वावर गेल्याचं दुखतंय. हे त्यांना माहीत नसेल. तुम्ही ठेल्यावर "आत्ता देतो" एवढंच बोललात, वावराचं नाव काढलं नाही.

पटाच्या जोडीबद्दल. शंकरपट मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बंद झाला, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. म्हणजे तुमच्या तरुणपणातली एक गोष्ट खरोखर वापस आली, म्हणून तुमचा जीव तिच्याकडे धावतो. समजू शकते. पण पटाची चांगली जोडी लाखांत जाते, तिचा खुराक तुमच्या-माझ्या जेवणापेक्षा महाग असतो, आणि धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, तुम्ही होणार नाही, कोणीतरी पंचविशीतला पोरगा ठेवावा लागेल. थोडक्यात, पैसे तुमचे आणि पट त्याचा. तळेगाव दशासरच्या पटाला जा, दोन दिवस राहा, ओरडून घसा बसवून या. जोडी लगेच घेऊ नका. मुद्दल बाजूला ठेवून वर्षभराच्या व्याजातून, घरखर्च भागवून परवडली तर पुढच्या पोळ्याला घ्या. तेव्हाही मन झालं तर मी आडवी येणार नाही. राजदूत मात्र खुशाल घ्या. जुनी मिळेल, कोटभर रुपयांत तिनं फरक पडत नाही. किक मारताना गुडघा सांभाळा म्हणजे झालं.

मित्र राहिले. त्यांना भेटायला विशी लागत नाही. साडेसहा एकर अजून तुमचंच आहे. गोवऱ्या पेटवा, रोडगे लावा, वांग्याची भाजी करा आणि जे जिवंत आहेत त्यांना बोलवा. या वेळी भांडी घासायला बायांना नेऊ नका.

आता पैसा. इथं मी थोडी कडक बोलणार आहे.

सगळी रक्कम एका बँकेत ठेवू नका. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासकट पाच लाखच विम्यात असतात, फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. पतसंस्थेला तर तेवढंही कवच नाही. संचालक कितीही ओळखीचा असो, जास्त व्याजाच्या नादानं तिकडे मुद्दल नेऊ नका. आपल्या भागात लोकांची आयुष्यभराची कमाई अशीच अडकून पडली आहे. मोठा भाग राष्ट्रीयीकृत बँकांत आणि पोस्टात विभागून ठेवा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे मिळून पंधरा लाखांपर्यंत ठेवता येतात, दर महिन्याला व्याज हाती येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व्याज बरं आहे आणि तीस लाखांपर्यंत मर्यादा आहे, पण तिला साठ वर्षं पूर्ण लागतात. तेवढी रक्कम त्या हिशोबानं लहान मुदतीच्या ठेवीत ठेवा. निवाडा २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली झाला असेल तर कलम ९६ मुळे मोबदल्यावर आयकर नाही, पण ठेवींवरच्या व्याजावर आहे. निवाड्याची प्रत घेऊन एकदा चांगल्या सीएकडे जा. फुकट सल्ला देणारे सध्या तुमच्या ओट्यावर रोज येत असतील, त्यांना चहा द्या आणि सोडून द्या.

पत्रात बहिणींचं नाव नाही. नसतीलच तर प्रश्न नाही. असतील आणि वावर वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचा हक्क लेकाएवढाच आहे. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. त्यांनी कधीकाळी हक्कसोड करून दिली असेल तर कागद तुमच्या बाजूनं आहे. तरीही भाऊबीजेला साडी देऊन मोकळं होऊ नका. कोर्टात जायच्या आधी बहीण तुमच्या दाराशी येते, ती वेळ येऊ देऊ नका.

पोराचं एका ओळीत सांगते. गाडी त्याच्या पगाराच्या हप्त्यावर, प्लॉट तुम्ही असेपर्यंत तुम्हा दोघांच्या नावावर, तोही अकृषक असल्याचे कागद डोळ्यांनी पाहून.

आणि आता मुख्य गोष्ट, जी पैशाचीही आहे आणि वहिनींचीही. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. नवऱ्यानं आपखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावात शंभर घरांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. आपल्या वऱ्हाडातही तिचा बोलबाला होता, संघटनेचा बिल्ला छातीवर लावून फिरणारे तुमच्याच वयाचे पोट्टे होते. तुम्ही होता का त्यांत? असाल तर बिल्ला लावला, पण सातबारा कोणाच्या नावे राहिला? साडेचार एकर गेलं तेव्हा मोबदल्याच्या यादीत वहिनींचं नाव नव्हतं, कारण सातबाऱ्यावर नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं त्या वावरात वाकलेल्या बाईला सरकारनं एक नोटीसही दिली नाही. यात सरकारचा दोष कमी आणि घराचा जास्त आहे.

उरलेल्या साडेसहा एकरांतला तुकडा त्यांच्या नावे करा. ते कसं होतं, मुद्रांक किती लागतो, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारा. खात्यातल्या पैशातला निदान तिसरा हिस्सा त्यांच्या एकटीच्या नावे ठेवा. संयुक्त नको, एकटीच्या. त्याचं व्याज त्या काय करतील ते विचारायचं नाही. माहेरी देतील, सोनं घेतील, तीर्थाला जातील, नाही तर नुसतं पासबुक उघडून पाहत बसतील.

हे केल्यानं त्या लगेच हसून बोलू लागतील असं मी म्हणत नाही. कदाचित "आता सुचलं का?" असं ऐकवतील. ऐकून घ्या.

सोमवारी बँकेत जायच्या आधी एक पाहा, वहिनींचं पॅन कार्ड आहे का? गावाकडच्या पुष्कळ बायांचं नसतं, आणि आधारवर नाव माहेरचं किंवा स्पेलिंग चुकलेलं असतं. ते आधी दुरुस्त करून घ्या. नाही तर मोठ्या ठेवीच्या फॉर्मवर काउंटरवरची पोरगी तुम्हाला तीनदा परत पाठवेल आणि तुम्ही "राहू दे, माझ्याच नावे ठेव" म्हणून मोकळे व्हाल.